आगकाडीपासून काडेपेटीपर्यंत : हातानं काढलेली हलती चित्रं आणि यंत्र

(आसगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी आत येत होतो तेव्हा दारातच एका काकांनी मला विचारलं, "का जी सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं अन् आता कार्टूनवर भाषण?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्यासाठी मला माझी एक चूक सांगावी लागेल. तिथूनच सुरुवात करतो.

साधारण चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी वर्गात बौद्ध दर्शनातला क्षणभंगवाद शिकवत होतो. जगातली प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नाहीशी होते आणि तिच्या जागी तिच्यासारखीच दुसरी उभी राहते. आपल्याला जे सलग दिसतं ते सलग नसतंच, असं ते मत. फळ्यावर मोठमोठे शब्द लिहीत होतो. शेवटच्या बाकावर एक मुलगा मान खाली घालून बसला होता. जवळ गेलो तर त्यानं वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एकेक बैल काढलेला. पानं फरफर सोडली की तो बैल बांधीतून नांगर ओढत चालायचा. मी वही काढून घेतली. "वेळ वाया घालवू नको" असं चारचौघांत बोललो. वर्ग हसला.

आता विचार करा. मी फळ्यावर जे सांगत होतो तेच तो पोरगा वहीत करून दाखवत होता, आणि मी त्याला गप्प केलं. मला त्या दिवशी ते कळलं नाही. कळायला निवृत्ती यावी लागली. आजचं भाषण म्हणजे त्या मुलाला उशिरानं दिलेलं उत्तर आहे असं समजा.

तर विषय असा : आपल्या महाराष्ट्रात हातानं काढलेली चित्रं हलवण्याचा प्रयोग कधीपासून चालू आहे, त्यात यंत्र कसं आलं, संगणक आल्यावर काय बदललं, आणि एकेकट्या कलावंतांनी हात आणि संगणक यांची सांगड घालून गोष्ट सांगण्याची रीतच कशी बदलली. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. यंत्र आलं की हात जातो असं आपण धरून चालतो. या कलेचा इतिहास तसं सांगत नाही. यंत्र हाताला पुसूनही टाकतं आणि सोडवतही. कोणतं घडेल हे यंत्रावर अवलंबून नसतं. वेळ कोणाच्या ताब्यात आहे यावर असतं.

गती कुठे असते?

पहिल्यांदा एक साधा प्रश्न. पडद्यावर चित्र हलतं म्हणजे काय होतं? खरं तर काहीच हलत नाही. एका सेकंदात चोवीस स्थिर चित्रं येतात आणि जातात. चाल आपण भरतो.

ग्रीक तत्त्ववेत्ता झेनो म्हणाला होता की उडणारा बाण प्रत्येक क्षणी एका जागी असतो, मग तो उडतो कधी? आपल्याकडे नागार्जुनानं याहून बारीक विचार केला. जी वाट चालून झाली तिच्यावर आता चालणं नाही. जी चालायची आहे तिच्यावर अजून नाही. आणि या दोन्ही सोडून 'चालली जाणारी' अशी तिसरी वाट दाखवता येत नाही. मग चालणं आहे कुठे? फ्रान्सच्या बर्गसाँनं 1907 साली लिहिलेल्या ग्रंथात सिनेमालाच दृष्टांत म्हणून घेतलं आणि तक्रार केली की आपली बुद्धी या यंत्रासारखी आहे, ती जिवंत प्रवाहाचे तुकडे करते आणि मग ते जोडून खोटी गती बनवते.

पण कॅनडात काम करणारे नॉर्मन मॅकलॅरन, जे स्वतः हातानं फिल्मवर थेट चित्रं काढायचे, त्यांनी बरोबर उलटी बाजू मांडली. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की चौकटीवर काय आहे त्याहून दोन चौकटींच्या मधे काय घडतं ते महत्त्वाचं. म्हणजे ज्या फटीला बर्गसाँ खोटं म्हणतो, तिथंच या माणसाची कला राहते.

आपल्या तालुक्यात हे समजावून सांगायला मला फ्रान्सला जायची गरज नाही. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली उत्खनन झालं आणि इसवी सनापूर्वीचा स्तूप उजेडात आला. तिथं मुचलिंद नागाचं शिल्प मिळालं. नागानं फणा धरला आहे, खाली आसन आहे, आणि आसन रिकामं आहे. बुद्ध दाखवलेलाच नाही. शिल्पकारानं जागा सोडली. बघणाऱ्यानं ती भरायची. चित्र काढणाऱ्यानं किती काढायचं आणि कुठे थांबायचं, हा प्रश्न आपल्या मातीत दोन हजार वर्षं जुना आहे. पुढे मी ज्या फिल्मा सांगणार आहे त्या बघताना हे रिकामं आसन ध्यानात ठेवा.

कल्याणची काच आणि फाळक्यांचा वाटाणा

आता इतिहासाकडे. सिनेमा हिंदुस्थानात आला 1896 साली, मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिल्मा दाखवल्या तेव्हा. पण त्याच्याही आधी, 1892 साली, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांभरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले होते. नाव भारदस्त आहे, वस्तू सोपी. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, त्यामागे दिवा, पुढे भिंग, आणि समोर पडदा. काचा मागेपुढे करून, एकावर एक आणून, चित्रातली माणसं हलल्याचा भास करायचा, आणि शेजारी निवेदन चालायचं. पटवर्धन आणि त्यांची मुलं हे खेळ घेऊन गावोगाव फिरली.

इथं दोन गोष्टी एकत्र आल्या. एक, परदेशी दिव्याचं यंत्र. दुसरी, चित्र दाखवत गोष्ट गाण्याची आपली जुनी रीत. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीची पोथी मांडून, एकामागून एक चित्र उचलून रामायण-महाभारतातल्या कथा गात आले आहेत. तिथं चित्र स्थिर असतं आणि आवाज त्याला चालवतो. तेव्हा 'हातकाम आणि यंत्र यांचं मिश्रण' हे काही संगणकाच्या काळातलं खूळ नाही. सुरुवातच तिथून आहे.

मग येतात दादासाहेब फाळके. 1885 साली जे. जे. कलाशाळेत शिकले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले, छायाचित्रण केलं, शिळाछापाचं काम केलं. हाताचं आणि यंत्राचं, दोन्हीचं वेड असलेला माणूस. 1912 साली इंग्लंडहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा भांडवल द्यायला कोणी तयार नव्हतं. हा गृहस्थ काय करणार, असं लोकांना वाटायचं. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला, आणि दिवसामागून दिवस थोडी थोडी चौकट टिपत राहिले. पडद्यावर बघितलं तर मिनिटभरात दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढते. 'अंकुराची वाढ' असं त्या फिल्मेचं नाव. ती बघून कर्ज देणारा मिळाला. सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. त्यातून पुढच्या वर्षी, 3 मे 1913 ला, 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

बघा गंमत. आपल्या सिनेमाच्या उगमाशी राजा नाही, वाटाणा आहे. आणि तंत्र कोणतं? एक चौकट घ्या, थांबा, दुसरी घ्या. हेच अ‍ॅनिमेशनचं तंत्र. त्यात फाळक्यांनी पैसा कमी घातला, वेळ जास्त घातला. पुढे 1915 च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. आगकाड्या मांडायच्या, एक चौकट टिपायची, काड्या जराशा सरकवायच्या, पुन्हा टिपायची. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी 1908 साली काड्यांचा असा खेळ केला होता. आपल्याकडे तो फाळक्यांनी केला. फाळक्यांची ती फिल्म आज बघायला मिळत नाही. पण एक लक्षात घ्या : घरात सापडणारी सगळ्यांत स्वस्त वस्तू, एक माणूस, आणि धीर. आज आपण ज्याला 'स्वतंत्र' म्हणजे कंपनीच्या पदरी नसलेलं अ‍ॅनिमेशन म्हणतो, त्याची ही पहिली व्याख्या झाली.

हाताचा कारखाना

यानंतर काय झालं? अमेरिकेत 1914 च्या सुमारास अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर पात्र काढायची युक्ती आणली. मागचं दृश्य एकदाच रंगवायचं, वर पात्राचे पत्रे बदलत जायचे. श्रम वाचले. पण श्रम वाचले की ते वाटले जातात. मुख्य चित्रकार हालचालीची टोकं काढणार, मधली चित्रं दुसरा भरणार, तिसरा शाईनं गिरवणार, चौथा रंग भरणार. शेवटी पडद्यावर जी रेघ येते ती कोणाच्याच हाताची नसते. गुळगुळीत, सारखी. हात शेकडो होते, पण दिसायला एकही नको.

आपल्याकडे 1934 साली प्रभात कंपनीनं 'जंबूकाका' ही कोल्ह्याची कार्टून फिल्म काढली, रघुनाथ केळकरांनी. पण हे असे तुरळक प्रयत्न. कारखाना उभा राहिला तो सरकारी. 1956 साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग आकाराला आला. डिस्नेकडे 'बांबी'वर काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. 1957 साली त्या विभागानं 'द बनियन डिअर' केली. ही जातककथा, न्यग्रोध मृगाची. गाभण हरिणीच्या जागी स्वतः मरायला उभा राहणाऱ्या हरिणराजाची. तंत्र अमेरिकेचं, गोष्ट आपली. याच विभागात राम मोहन घडले. रसायनशास्त्राचा हा विद्यार्थी पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचा गुरू ठरला. जपानच्या युगो साको यांच्याबरोबर त्यांनी 1992 चं रामायण केलं.

आणि तुम्हा सगळ्यांना पाठ असलेली एक फिल्म : 1974 ची 'एक अनेक और एकता'. दूरदर्शनवर चिमण्या जाळं घेऊन उडतात ती. ती लिहिणाऱ्या विजया मुळे, सगळ्यांच्या अक्का, मुंबईत जन्मलेल्या मराठी बाई. चित्रं हलवली भीमसेन खुराणांनी. फिल्म्स डिव्हिजनची निर्मिती. साध्या आकारांची, कमी हालचालीची फिल्म. पैसा कमी होता म्हणून चित्र साधं झालं, आणि साधं झालं म्हणून पन्नास वर्षं टिकलं.

मी सरकारी खात्याची भलामण करायला उभा नाही. तिथं फाईल हलायला चित्रापेक्षा जास्त वेळ लागायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट त्या खात्यानं दिली. वेळ विकत घेऊन दिला. कलावंताला महिन्याचा पगार मिळायचा आणि बाजार दारात उभा नसायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

एक बाई, एक मांजर, आणि काडेपेट्या

1990 च्या दशकात संगणक आला. एका वाटेनं तो मुंबईच्या मोठ्या स्टुडिओंत गेला आणि तिथं परदेशी मालिकांची कामं येऊ लागली. गोष्ट त्यांची, पात्रं त्यांची, आपल्याकडून मधली चित्रं आणि रंग. जुनाच कारखाना, फक्त पत्र्याच्या जागी पडदा.

दुसरी वाट अरुंद होती. त्या वाटेवरचं सगळ्यांत महत्त्वाचं नाव गीतांजली राव. मुंबईच्या. जे. जे.च्याच आवारात उपयोजित कला शिकल्या, 1994 ला बाहेर पडल्या, राम मोहन यांच्याकडे काम करत अ‍ॅनिमेशन शिकल्या. म्हणजे फाळक्यांची शाळा आणि फिल्म्स डिव्हिजनची परंपरा, दोन्ही धागे त्यांच्यापर्यंत येतात. आणि मग त्यांनी एकटीनं एक फिल्म केली : 'प्रिंटेड रेनबो', 2006. लांबी पंधरा मिनिटं. वेळ लागला सुमारे तीन वर्षं.

हिशेब करून बघू, मुलांनो. पंधरा मिनिटं म्हणजे नऊशे सेकंद. सेकंदाला चोवीस चौकटी. एक चित्र दोन चौकटी ठेवलं तरी सेकंदाला बारा चित्रं. नऊशे गुणिले बारा, दहा हजार आठशे. रोज दहा चित्रं काढली तरी एक हजार ऐंशी दिवस, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. हा माझा ढोबळ हिशेब आहे, त्यांच्या वहीतला नाही. पण काम केवढं असतं ते कळावं.

गोष्ट काय आहे? शहरातल्या एका इमारतीत एक म्हातारी बाई राहते. सोबतीला मांजर. दिवस करडे, खिडकीबाहेरचं शहर करडं. तिच्याजवळ काडेपेट्यांचा संग्रह आहे. काडेपेटीवरचं चित्र ती न्याहाळते आणि त्या चित्रात शिरते. आत रंग असतात. हत्ती, नाव, वेली, बहुरंगी दुनिया. बाहेर यावंच लागतं; पुन्हा दुसरी काडेपेटी.

आता या फिल्मेत हात कुठे आणि यंत्र कुठे? चित्रं कागदावर हातानं, रंगानं काढलेली. मग ती संगणकात घेतली, तिथं थर एकमेकांवर बसवले, हालचाल जुळवली. पूर्वी हे शेवटचं काम करायला मोठं कॅमेऱ्याचं टेबल, कच्ची फिल्म आणि प्रयोगशाळा लागायची. एकट्या माणसाच्या आवाक्यातलं ते नव्हतं. संगणकानं चित्र काढलं नाही. चित्र काढणाऱ्या बाईला कारखान्याची गरज उरली नाही, एवढंच केलं. मी सुरुवातीला म्हणालो ना, यंत्र हाताला सोडवतंही, ते हे.

आणि म्हणून गोष्टही बदलली. हा मुद्दा जरा सावकाश घेतो. कारखान्यात गोष्ट आधी पक्की करावी लागते, कारण शंभर माणसं तिच्यावर काम करणार असतात. सुरुवात, संकट, शेवट, सगळं कागदावर ठरलेलं. एकटी बाई काढत असली की तिला वाटेत वळता येतं. काडेपेटीच्या चित्रात शिरून तिथंच रेंगाळता येतं. घटना न घडता दोन मिनिटं फक्त एका म्हातारीचा कंटाळा दाखवता येतो. समीक्षक याला 'प्रायोगिक कथन' म्हणतात. मला वाटतं की हा प्रयोगाचा हट्ट नाही. ज्याच्या हातात वेळ आहे त्याची गोष्ट अशीच वळते. आपल्या आज्या गोष्ट सांगताना कुठे सरळ सांगायच्या?

शिवाय हातानं काढलेली दोन चित्रं कधीही तंतोतंत सारखी येत नाहीत. एकामागून एक आली की रेघ थरथरते. अ‍ॅनिमेशनवाले याला 'बॉइलिंग' म्हणतात, म्हणजे रेघ उकळते आहे. कारखान्यात हा दोष. संगणक तो एका कळीसरशी काढून टाकतो. या कलावंतांनी तो काढला नाही. कारण ती थरथर म्हणजे मघाची ती फट. प्रत्येक चित्र नव्यानं काढलं गेलं, प्रत्येक क्षण नव्यानं जन्मला, याची ती खूण. क्षणभंगवाद मी फळ्यावर लिहून शिकवला. इथं तो रेघेत दिसतो.

ही फिल्म 2006 साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात गेली आणि तिथं तिला तीन पुरस्कार मिळाले. आगकाड्यांच्या मौजेला तेव्हा नव्वद वर्षं झाली होती. काडीवरून पेटीवर यायला एवढा काळ गेला.

टाका बोलतो

दुसरं उदाहरण पवईच्या आयआयटीतलं. तिथल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत, अ‍ॅनिमेशन शिकवलं जातं. तिथल्या प्राध्यापक शिल्पा रानडे यांनी 2013 साली बाल चित्र समितीसाठी 'गोपी गवैया बाघा बजैया' केली आणि ती टोरांटोच्या महोत्सवात गेली. तिथल्याच नीना सबनानी यांनी 2009 साली 'टांको बोले छे' केली. तिच्याविषयी जास्त बोलतो, कारण तिनं एक वेगळाच प्रश्न विचारला.

कच्छमधल्या भरतकाम करणाऱ्या बायका. 1971 च्या युद्धानंतर त्यांची कुटुंबं सिंधकडून सरहद्द ओलांडून आलेली. या फिल्मेत चित्रं कुंचल्याची नाहीत. बायकांनी स्वतः कापडाचे तुकडे जोडून, टाके घालून केलेली आहेत. घर, उंट, वाट, माणसं. ती संगणकात घेऊन हलवली. आणि निवेदन त्यांच्याच आवाजात. म्हणजे गोष्ट ज्यांची, हातही त्यांचा, आवाजही त्यांचा. दिग्दर्शिकेनं जुळवणी केली. पुढे सबनानी यांनी भिल्ल चित्रकारांच्या चित्रांतून 'हम चित्र बनाते हैं' केली आणि तिला 2016 सालासाठीचा अ‍ॅनिमेशनचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

प्रश्न हा, की लोककला आयती उचलून तिचं सजावटीचं कापड करायचं, की ज्यांची ती आहे त्यांना गोष्ट सांगू द्यायची? वारली चित्रांचं काय झालं तुम्ही बघता. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं लग्नाच्या चौकातून कागदावर, जगात नेली. आणि आज तीच माणसं चहाच्या कपावर, पायपुसण्यावर नाचताना दिसतात, काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही. संगणकानं हात पुसला तो असा. कोणी मोठा खलनायक लागला नाही. नक्कल करायची कळ पुरली. एकच यंत्र टाक्याला बोलतं करतं आणि वारलीला मुकं करतं.

तेरा वर्षं

आता मघाच्या वाक्याकडे परत येतो. वेळ कोण विकत घेऊन देणार?

गीतांजली राव यांची पहिली मोठी फिल्म 'बॉम्बे रोझ' आली 2019 साली. कानच्या त्या पुरस्कारांनंतर तेरा वर्षांनी. मधे त्यांनी छोट्या फिल्मा केल्या, पण मोठ्या फिल्मेला एवढा काळ लागला. फुलं विकणारी कमला आणि काश्मीरहून आलेला सलीम, यांची मुंबईच्या रस्त्यावरची गोष्ट. या वेळी कागद नव्हता. चित्रं संगणकाच्या पाटीवर काढलेली, पण पुन्हा चौकट चौकट हातानं रंगवलेली. पेपरबोट स्टुडिओत सुमारे साठ चित्रकार अठरा महिने बसले. फिल्मेनं व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचं उद्घाटन केलं, आणि 2021 साली ती नेटफ्लिक्सवर लोकांना घरी बघायला मिळाली.

इथं मला कोणीतरी अडवेल. सर, साठ माणसं बसली म्हणजे पुन्हा कारखानाच झाला की! आक्षेप बरोबर आहे, आणि मी त्यावर बराच विचार केला. मला फरक असा दिसतो. जुन्या कारखान्यात साठ हातांनी एकसारखं दिसायचं असतं. इथं रेघेचा आणि रंगाचा खडबडीतपणा राखायचा असं ठरलेलं होतं. स्वप्न आलं की चित्राची शैली बदलते, जुना काळ आला की रंग बदलतात. पण हेही कबूल करतो की फरक अंशाचा आहे. माणसं वाढली की गोष्ट जरा सरळ होतेच. मला विचाराल तर 'बॉम्बे रोझ'पेक्षा 'प्रिंटेड रेनबो' जास्त मोकळी आहे. पंधरा मिनिटांत ती जे करते ते मोठीला जमत नाही. तुम्ही दोन्ही बघा आणि माझ्याशी भांडा.

दरम्यान 2022 साली फिल्म्स डिव्हिजन आणि बाल चित्र समिती, दोन्ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या. ज्या नावांखाली 'बनियन डिअर', 'एक अनेक' आणि 'गोपी गवैया' झाल्या ती नावं संपली. आता एखाद्या मुलीला तीन वर्षं बसून दहा हजार चित्रं काढायची असतील तर तिला पगार कोण देणार? संगणक स्वस्त झाला, पोटाला लागणारं धान्य स्वस्त झालेलं नाही.

आणि नेमकं याच वेळी असं यंत्र आलं आहे की त्याला शब्दांत सांगितलं की ते चित्र देतं, हलतंही देतं. थरथर हवी म्हटलं तर थरथरही देतं. माझा नातू मला हे दाखवतो आणि विचारतो, "आजोबा, आता हातानं कशाला काढायचं?" मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला पटकन उत्तर येत नाही. पण हे सांगतो. फाळक्यांनी वाटाणा उगवताना टिपला तेव्हा त्यांना वाटाण्याचं चित्र हवं होतं एवढंच नव्हतं. ते रोज त्या कुंडीपाशी गेले. बघणं ही क्रिया त्यांनी इतके दिवस केली. कच्छच्या बाईनं टाका घातला तेव्हा ती सरहद्दीची रात्र पुन्हा जगली. यंत्र तुम्हाला शेवटचं चित्र देईल. मधले दिवस देणार नाही. आणि मी तासभर तुम्हाला सांगतो आहे की या कलेत सगळं काही मधेच असतं.

वही

शेवटी दोन गोष्टी सांगतो आणि बसतो.

पहिली पोरापोरींसाठी. आपण चौरासातले, धानाच्या मुलखातले. मृग लागला की घरोघरी पऱ्हे टाकतात. यंदा एक कुंडी घ्या, चार दाणे पेरा, घरातला मोबाईल विटेच्या आधारानं रोज एकाच जागी, एकाच वेळी ठेवा आणि दिवसाला दोन फोटो घ्या. रोवणीची वेळ येईपर्यंत घेत राहा. मग ते एकामागून एक लावा. खर्च शून्य. फाळक्यांनी 1912 साली जे केलं ते तुम्ही कराल. जमलं तर त्या पऱ्ह्यांशेजारी कागदाचा बैल ठेवा आणि रोज जरासा पुढे सरकवा. आवाज आजीचा घ्या, झाडीबोलीत, ती जशी बोलते तसाच.

दुसरी गोष्ट मोठ्यांसाठी. त्या मुलाकडून मी काढून घेतलेली वही परत द्यायची राहून गेली. निवृत्तीनंतर पुस्तकं आवरताना ती सापडली. तो मुलगा पुढे दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर सुंदर होतं, ते मी बाजारात पाहिलं आहे. मग फ्लेक्स आलं आणि पाट्यांचं काम गेलं. आज तो कुठे आहे मला माहीत नाही. तो मोठा कलावंत झाला असता असं मी म्हणत नाही. ते कोणाला सांगता येतं? मी एवढंच म्हणतो की त्याला वेळ देणं माझ्या हातात होतं, तासभराचा का होईना, आणि मी तो दिला नाही.

ही बघा ती वही. पोरांनो, एकेक करून या, पानं सोडून बघा. बैल बांधीच्या अर्ध्यापर्यंत जातो आणि थांबतो. पुढची पानं कोरी आहेत. ती त्यानं कोरी सोडलेली नाहीत, माझ्यामुळे राहिली आहेत. तुमच्या घरात, वर्गात असं कोणी कोपऱ्यात काढत बसलेलं दिसलं तर पान पुरं होऊ द्या. मग काय ते रागवा.

आता प्रश्न विचारा. ते दारातले काका आहेत का अजून? पहिला प्रश्न त्यांचा.